पंचनाम्याने न विचारलेलं: कॅलवे काउंटी, मिसुरी, १८५५

२५ जून १८५५ रोजी, सोमवारी, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या कॅलवे काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) रॉबर्ट न्यूसम नावाच्या शेतकऱ्याच्या मृत्यूचा पंचनामा झाला. डी. एम. व्हाइट आणि आयझॅक हाउ हे दोन जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक दंडाधिकारी, त्याच्या शेतावर आले. शेजारपाजारचे सहा जण पंच म्हणून बसवले गेले आणि तीन साक्षी घेतल्या गेल्या. साक्षीदार होते विल्यम पॉवेल हा शेजारी शेतकरी, मृताचा अकरा-बारा वर्षांचा नातू कॉफी वेन्सकॉट आणि सीलिया. सीलिया न्यूसमच्या मालकीची होती, वय जेमतेम एकोणीस, आणि पोटुशी. तिने सांगितलं की शनिवारी, २३ तारखेला, अंधार पडल्यावर साधारण दोन तासांनी तिने मालकाच्या डोक्यात काठीचे दोन घाव घातले, प्रेत आपल्या झोपडीतल्या चुलाण्यात जाळलं, आणि सकाळी राख व उरलेली हाडं झोपडीकडून तबेल्याकडे जाणाऱ्या वाटेच्या उजव्या हाताला टाकली. जबाबाखाली तिची खूण आहे, एक फुली. पंचांनी फार वेळ घेतला नाही. खटला भरण्याइतका पुरावा आहे असं त्यांनी ठरवलं आणि सीलियाची रवानगी फुल्टन या काउंटीच्या मुख्य गावातल्या तुरुंगात झाली.

कोण मेलं, कशानं मेलं, कोणाच्या हातून मेलं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या दिवशी मिळाली. घाव का घातले, हे पंचनाम्याच्या कागदात नाही. पुढचे सहा महिने हे प्रकरण त्या एका गाळलेल्या प्रश्नाभोवती फिरत राहिलं. ज्यांनी तो न्यायालयात विचारायचा प्रयत्न केला, त्यांना शेवटी थांबवण्यात आलं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ग्रामीण काउंट्यांत मृत्यूचा तपास कसा चालायचा आणि तो कुठे येऊन आपोआप थांबायचा, हे समजून घ्यायला ‘मिसुरी राज्य विरुद्ध सीलिया, एक गुलाम’ या फाइलीइतकी बोलकी फाइल क्वचित सापडते. कॅलवे काउंटीच्या न्यायालयात तिचा क्रमांक आहे ४४९६.

आधी जागा पाहू. मिसुरी १८२१ मध्ये राज्य झालं ते गुलामगिरीला मुभा असलेलं राज्य म्हणून. मिसुरी नदीकाठच्या मधल्या पट्ट्यात व्हर्जिनिया आणि केंटकीहून माणसं येऊन वसली, येताना आपले गुलाम, आपली पिकं आणि आपला कायदा घेऊन आली. या पट्ट्याला पुढे ‘लिटल डिक्सी’, म्हणजे छोटी दक्षिण, म्हणू लागले. कॅलवे त्यातलीच. १८५० च्या जनगणनेत काउंटीच्या लोकसंख्येत चौथ्या हिश्श्याहून जास्त माणसं गुलाम होती. मोठमोठे कापसाचे मळे इथे नव्हते. एका घरी चार-पाच गुलाम, मालकाच्याच अंगणात त्यांच्या झोपड्या, एकाच वाटेवरून सगळ्यांची ये-जा. अशा ठिकाणी कोण कोणाच्या झोपडीत रात्री जातं, हे घरात आणि शेजारात कुणाला माहीत नसणं अवघडच.

न्यूसम व्हर्जिनियाहून आलेला. मेहनतीनं ८०० एकर जमीन केली. १८४९ मध्ये बायको वारली. १८५० च्या उन्हाळ्यात, साठीच्या आसपास असताना, तो उत्तरेच्या शेजारच्या ऑड्रेन काउंटीत गेला आणि चौदा-एक वर्षांची मुलगी विकत घेऊन आला. तीच सीलिया. घरात त्याच्या मालकीचे पाच पुरुष गुलाम होते, स्त्री ही पहिलीच. मुख्य घराजवळ तिला वेगळी झोपडी बांधून मिळाली. पुढच्या पाच वर्षांत तिला दोन मुलं झाली. घरात न्यूसमची मुलगी व्हर्जिनिया वेन्सकॉट आपल्या मुलांसह होती, धाकटी मेरी होती. हॅरी आणि डेव्हिड हे मोठे मुलगे आपापल्या शेतांवर असत.

१८५५ च्या आधी केव्हातरी सीलिया आणि जॉर्ज यांचं जमलं. जॉर्जही न्यूसमचाच गुलाम. त्या फेब्रुवारीपासून सीलिया आजारी होती आणि तिला पुन्हा दिवस गेले होते. जॉर्जनं तिला बजावलं की म्हाताऱ्याशी संबंध तोडला नाहीस तर माझा-तुझा संबंध संपला. हे वाक्य मला फार क्रूर वाटतं. ज्या बाईच्या हातात काही नव्हतं तिच्याकडेच तोडण्याची मागणी झाली, कारण खरा दोषी ज्याला म्हणायचं त्याच्यापुढे जॉर्ज उभाही राहू शकत नव्हता. सीलियानं आधी घरातल्या बायकांना सांगून पाहिलं, मी आजारी आहे तोवर तरी त्यांना आवरा. मग थेट न्यूसमला सांगितलं. तो म्हणाला, रात्री येतो. तिनं एक काठी आणून झोपडीच्या कोपऱ्यात ठेवली. पुढे तुरुंगात तिनं या काठीचं वर्णन केलं: विंडसर खुर्चीच्या वरच्या भागाएवढी जाड, पण तेवढी लांब नाही.

शनिवारी रात्री तो आला. पहिल्या घावानं तो खाली बसल्यासारखा झाला आणि तिला धरायला म्हणून त्यानं हात वर केले. तेव्हा तिनं दुसरा घाव घातला. मग तासभर ती नुसती विचार करत बसली. शेवटी प्रेत जाळायचं ठरवलं आणि रात्रभर आग पेटती ठेवली. लहान हाडं दगडानं चुरली, मोठी चुलाण्याखाली दडवली. सकाळी कॉफी बाहेर दिसला तेव्हा त्याला दोन डझन अक्रोड देऊ केले आणि चुलाण्यातली राख बाहेर टाकायला लावली. आपल्या आजोबांची राख आपण बादलीतून नेतो आहोत हे त्या मुलाला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्याला पंचांपुढे उभं राहून हेच सांगावं लागलं आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा, भरल्या न्यायालयात.

या प्रकरणातला खरा तपास रविवारीच झाला, पंचनाम्याच्या आदल्या दिवशी, आणि तो करणारा पॉवेल कुठलाही अधिकारी नव्हता. न्याहारीला वडील आले नाहीत म्हणून व्हर्जिनियानं शोधाशोध सुरू केली. ओढ्याकाठ, झाडी, तबेला पाहून झाला. शेजारी म्हणून पॉवेल आला आणि त्यानं सूत्रं हातात घेतली. त्यानं आधी जॉर्जला गाठलं. जॉर्ज नाही नाही म्हणत होता. शेवटी एवढंच बोलला की घराच्या आसपास सोडून दुसरीकडे शोधण्यात अर्थ नाही, आणि म्हातारा शेवटचं चालला असेल तर याच वाटेनं. वाट सीलियाच्या झोपडीकडे जात होती.

मग पॉवेल सीलियाकडे वळला. तिनं आधी काहीच माहीत नाही म्हटलं. पॉवेलनं धमकावलं की खरं सांगितलं नाहीस तर तुझी मुलं तुझ्यापासून तोडू. गुलाम आईसाठी ही धमकी पोकळ नव्हती. पोरं विकणं हा मालकाच्या कुटुंबाचा कायदेशीर हक्क होता. तिनं अर्धवट गोष्ट सांगितली: तो खिडकीशी आला, मी मारलं, पुढे तो कुठे गेला ठाऊक नाही. पॉवेल हटला नाही. शेवटी ती म्हणाली, त्या दोघांना बाहेर पाठवा, मग सांगते. हॅरी आणि डेव्हिड बाहेर गेले आणि तिनं सगळं सांगितलं. तिनं दाखवलेल्या जागी हाडं निघाली. बटणं, बकल, काळवंडलेला खिशातला चाकू सापडला. अवशेष व्हर्जिनियानं गोळा करून एका पेटीत ठेवले.

दक्षिणेच्या काउंट्यांत अचानक झालेल्या मृत्यूचा तपास कॉरोनर करत असे. ते निवडून दिलेलं पद होतं, त्यासाठी डॉक्टर असायची गरज नव्हती. कॉरोनर जवळ नसेल तर जस्टिस ऑफ द पीस ते काम करायचा. प्रेतापाशी जाऊन गोऱ्या पुरुषांचे पंच बसवायचे, साक्षी घ्यायच्या, मृत्यूचं कारण लिहायचं. ही इंग्रजी पद्धत होती. आपल्याकडे मुंबईतही ती आली आणि १८७१ च्या कायद्याखाली चालणारं मुंबईच्या कॉरोनरचं न्यायालय थेट विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होतं. दक्षिण कॅरोलायनासारख्या राज्यांत अशा पंचनाम्यांचे ढीग उरले आहेत. गुलामांच्या मृत्यूचेही पंचनामे त्यांत आहेत: बुडालेले, जळालेले, पोरं दडपून गेलेली, चाबकानं मेलेले. तिथली हिंसा सर्वांत दाट दिसते ती याच कागदांत, कारण निवाड्यापर्यंत फारच थोडी प्रकरणं पोचत. मालकानं किंवा मुकादमानं मारलं तर पंच ते लिहून ठेवत, आणि पुढे बहुतेक वेळा काही होत नसे. उत्तर कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयानं १८२९ मध्ये ‘राज्य विरुद्ध मान’ या खटल्यात तत्त्वच मांडून ठेवलं होतं. लिडिया नावाच्या भाड्यानं घेतलेल्या गुलाम स्त्रीवर जॉन मानने मागून गोळी झाडली. खालच्या न्यायालयात तो दोषी ठरला, पण न्यायमूर्ती टॉमस रफिन यांनी त्याला सोडलं. गुलामाची शरणागती पूर्ण हवी असेल तर मालकाची सत्ताही निरपवाद असली पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता.

न्यूसमच्या शेतावरचा पंचनामा अशा व्यवस्थेत घडत होता. त्या व्यवस्थेच्या स्वतःच्या कसोटीवर पाहिलं तरी त्यात काही जागा उघड्या राहतात. सोमवारच्या तीन साक्षीदारांत डॉक्टर नव्हता. पेटीतली हाडं माणसाची आहेत, प्रौढ माणसाची आहेत, हे वैद्यकीय साक्षीनं सांगितलं गेलं ते खटल्यात, साडेतीन महिन्यांनी. मृत्यू काठीच्या घावानं झाला हे ठरवायला घाव दिसणारं काही उरलंच नव्हतं. ओळख पटली ती बटणं, बकल आणि चाकूवरून. मृत्यूचं कारण आलं फक्त सीलियाच्या तोंडून, आणि ते तोंड उघडलं गेलं होतं मुलं हिरावण्याच्या धमकीवर. तिच्या शब्दांवर इतका भार टाकणाऱ्या पंचांनी तिचेच बाकीचे शब्द का घेतले नाहीत, हे मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं. पॉवेलला तर जॉर्जची अट, तिची विनवणी, न्यूसमचं रात्री येणं हे सगळं तिनं सांगितलेलं होतं.

काउंटीला मात्र दुसरीच शंका होती. आजारी, गरोदर मुलगी एकटीनं धिप्पाड माणसाला मारते आणि उजाडायच्या आत त्याचं प्रेत जाळून टाकते, हे लोकांना पटत नव्हतं. जूनची रात्र छोटी असते. कोणीतरी मदत केली असणार, आणि तो जॉर्ज असणार. शेरीफ विल्यम स्नेल यांनी म्हणून दोघांना तुरुंगात जाऊन तिच्याशी बोलायची परवानगी दिली, जेफरसन जोन्स आणि टॉमस शोटमन. जोन्सनं तिला सांगितलं की जॉर्ज पळून गेला आहे, आता त्याला वाचवून उपयोग नाही, खरं सांग. ती बधली नाही. कोणीही मदत केली नाही, हे तिचं म्हणणं शेवटपर्यंत बदललं नाही. ते खरं असेल, किंवा तिनं जॉर्जला वाचवलं असेल. ज्यानं वाट दाखवून तिला पकडून दिलं त्याला तिनं वाचवलं असेल, तर तिच्या मनाचा ठाव घेणं सोपं नाही. माझा स्वतःचा कल तिच्यावर विश्वास ठेवण्याकडे आहे, कारण काठीची जाडी, हात वर होणं, तासभर बसून राहणं असे तपशील तिनं न विचारता दिले, आणि दुसऱ्या कोणाची सावलीही त्यांत पडत नाही.

खटला सुरू झाला ९ ऑक्टोबरला, न्यायाधीश विल्यम ऑगस्टस हॉल यांच्यापुढे. इथे मिसुरीच्या कायद्याचं एक विचित्र अंग समोर येतं. राज्याच्या १८२० च्या संविधानातच लिहिलं होतं की गुलामावर फौजदारी खटला चालला तर त्याला निःपक्ष ज्यूरी मिळाली पाहिजे, न्यायालयानं त्याला वकील दिला पाहिजे, आणि देहांताच्या गुन्ह्यात गोऱ्या माणसाला जी शिक्षा तीच त्याला, वेगळी नाही. हॉलनी बचावासाठी जॉन जेमसन यांना नेमलं. जेमसन तीन वेळा अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेलेले, काउंटीतले नावाजलेले वकील, स्वतः गुलामांचे मालक. सोबत नेथन कौन्स आणि आयझॅक बोलवेअर हे दोन तरुण. ज्यूरीत बारा गोरे पुरुष. शेजारच्या कॅन्सस प्रदेशात गुलामगिरी येणार की नाही यावरून वातावरण पेटलेलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये मिसुरीतून हजारो माणसं सीमा ओलांडून तिथल्या निवडणुकीत बेकायदा मतं टाकून आली होती. गुलाम स्त्रीनं मालकाला ठार मारल्याचा खटला अशा हवेत चालवणाऱ्या न्यायाधीशाला तो लवकर आणि गाजावाजा न होता संपायला हवा असणार, हे समजतं.

जेमसननी नेमून दिलेल्या वकिलानं करावं त्याहून कितीतरी जास्त केलं. साक्षी उलटतपासायला घेतल्यावर त्यांचा रोख कायम एकाच दिशेला होता. पॉवेलकडून त्यांनी वदवून घेतलं की सीलियाचे न्यूसमशी शरीरसंबंध होते, तिनं त्याला आधी थांबवायचा प्रयत्न केला होता, आणि तिला त्याला मारून टाकायचं नव्हतं, फक्त दुखवायचं होतं. जोन्सलाही हेच विचारलं. ऑड्रेनहून घरी आणताना वाटेतच न्यूसमनं तिच्यावर जबरदस्ती केली होती का, असा प्रश्न आला. जोन्स म्हणाला, तसं ऐकलं होतं, पण सीलियानंच मला सांगितलं की आणखी कोणी, हे खात्रीनं सांगता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलीवर पहिल्याच दिवशी झालेला बलात्कार आज या प्रकरणाच्या प्रत्येक कथनात ठामपणे येतो. न्यायालयीन कागदांत त्याचा आधार जोन्सचं हे अर्धं वाक्य आहे. मी ते खरं मानतो, कारण पाच वर्षं पुढे जे चाललं ते तिथूनच सुरू झालं असणार. पण ते सीलियाच्या तोंडून न्यायालयात आलेलं नाही, हेही सांगायला हवं. ती बोलूच शकत नव्हती. एक तर त्या काळी कुठल्याच आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देता येत नसे, आणि गुलामाला गोऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देण्याची बंदी होती ती वेगळी. त्यामुळे घडलं असं की तिची कबुली ज्यूरीपुढे आली ती पॉवेल, जोन्स आणि पंचनाम्याच्या कागदातून, आणि तिचं कारण आलं ते त्याच माणसांच्या ऐकीव आठवणींतून.

मृत्यूच्या वैद्यकीय बाजूलाही जेमसननी हात घातला. डॉक्टर जेम्स मार्टिन यांना त्यांनी विचारलं की सामान्य चुलाण्यात प्रौढ माणसाचं शरीर जळून जायला किती वेळ लागेल. प्रश्न नेमका होता. उत्तर एका रात्रीहून जास्त आलं असतं तर तिची कबुली, आणि तिच्यावर उभा असलेला सगळा खटला, डळमळला असता. सरकारी वकील रॉबर्ट प्रूइट यांनी हरकत घेतली आणि हॉलनी ती मान्य केली. डॉक्टरांना उत्तर देता आलं नाही. पंचनाम्यात जो प्रश्न डॉक्टर नसल्यामुळे राहिला होता, तो खटल्यात डॉक्टर समोर असूनही राहिला.

खरी लढाई ज्यूरीला द्यायच्या सूचनांवर झाली. त्या काळी दोन्ही बाजूंचे वकील सूचनांचे मसुदे न्यायाधीशांना देत आणि कायदा म्हणून ज्यूरीपुढे काय ठेवायचं ते न्यायाधीश ठरवत. मिसुरीच्या १८४५ च्या गुन्हेविषयक कायद्यात दुसऱ्या प्रकरणाचं २९ वं कलम होतं: ‘कोणत्याही स्त्रीला’ तिच्या इच्छेविरुद्ध, जबरदस्तीनं किंवा धाकानं भ्रष्ट व्हायला भाग पाडणं हा गुन्हा. आणि आपल्यावर होऊ घातलेला असा गंभीर गुन्हा रोखताना हातून मृत्यू झाला तर तो क्षम्य, हे त्याच कायद्यात होतं. जेमसन आणि त्यांच्या साथीदारांनी या दोन गोष्टी जोडल्या. ‘कोणतीही स्त्री’ या शब्दांत गुलाम स्त्रियाही येतात असं ज्यूरीला सांगावं, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे न्यूसम त्या रात्री जे करायला आला होता तो गुन्हा ठरतो, आणि सीलियाचा घाव हा बचाव ठरतो.

ही मागणी किती दूर जात होती हे नीट पाहायला हवं. दक्षिणेच्या कायद्यात गुलाम स्त्रीवर परक्यानं केलेली जबरदस्ती ही फार तर मालकाच्या मालमत्तेत केलेली घुसखोरी मानली जाई. मालक स्वतःच्या मालमत्तेत घुसखोरी कशी करणार? म्हणून मालकाकडून होणारा बलात्कार या कायद्याच्या दृष्टीनं घडूच शकत नव्हता. चार वर्षांनी, १८५९ मध्ये, मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयानं दहा वर्षांहून लहान गुलाम मुलीवरचा बलात्कार शिक्षापात्र नाही असा निकाल दिला. तिथला आरोपी स्वतःही गुलामच होता, मालक नव्हे, तरीही. त्या निकालानंतर मिसिसिपीच्या विधिमंडळाला १८६० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, आणि तोही फक्त कृष्णवर्णीय पुरुषानं बारा वर्षांखालील कृष्णवर्णीय मुलीवर केलेल्या अत्याचारापुरता. हे डोळ्यांपुढे ठेवलं की १८५५ मध्ये फुल्टनच्या न्यायालयात तीन गोऱ्या वकिलांनी, त्यातला एक गुलामांचा मालक, ‘कोणतीही स्त्री’ म्हणजे सीलियाही असं लेखी मांडलं याचं मोल कळतं. ती मागणी मान्य झाली असती तर मिसुरीतल्या प्रत्येक गुलाम स्त्रीला मालकाविरुद्ध हात उचलायचा हक्क मिळाला असता. हॉलना ते दिसत होतं यात मला शंका नाही.

त्यांनी ती सूचना नाकारली. उलट सरकारी बाजूची सूचना त्यांनी ज्यूरीला दिली: न्यूसम झोपडीत आला आणि शरीरसंबंधाविषयी किंवा आणखी कशाविषयी तिच्याशी बोलत होता, एवढ्यावरून त्याला मारण्याचा आरोपीला हक्क पोचत नाही. १० ऑक्टोबरला ज्यूरीनं तिला पहिल्या दर्जाच्या खुनासाठी दोषी ठरवलं. १३ तारखेला शिक्षा सुनावली, १६ नोव्हेंबरला फाशी.

बचावानं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अपील केलं. पण अपिलाचा निर्णय लागेपर्यंत फाशी थांबवायला हॉलनी नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाचं उत्तर येण्याआधीच ती मारली जाणार हे दिसू लागलं. ११ नोव्हेंबरच्या सुमारास सीलिया तुरुंगातून नाहीशी झाली. ती पळाली म्हणण्यापेक्षा तिला कोणीतरी बाहेर काढलं. फाशीची तारीख उलटून गेल्यावर डिसेंबरच्या सुरुवातीला ती पुन्हा कोठडीत होती. ठरलेली तारीख टाळणं हाच त्यामागचा हेतू होता, हे वकिलांच्या पत्रातूनही दिसतं. ६ डिसेंबरला त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एबियल लेनर्ड यांना थेट लिहिलं की न्यायाधीशांनी बचावाचे सगळे मार्ग छाटून टाकले, आणि इथल्या लोकांतल्या मोठ्या हिश्श्याला या बाईविषयी आस्था आहे. कॅलवे काउंटी एकमुखानं तिच्या जिवावर उठली होती असं चित्र म्हणून खरं नाही. ज्यांनी तुरुंगाचं दार उघडलं त्यांची नावं फाइलीत नाहीत, पण ती माणसं तिथलीच असणार.

सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबरला स्थगिती नाकारली. अपिलाला पुरेसा आधार दिसत नाही, एवढंच. त्या खंडपीठातले विल्यम स्कॉट यांनीच तीन वर्षांपूर्वी, १८५२ मध्ये, ड्रेड स्कॉट या गुलामाचा स्वातंत्र्याचा दावा फेटाळणारा राज्याचा निकाल लिहिला होता. तोच दावा पुढे वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

दरम्यान तुरुंगात सीलिया बाळंत झाली. मूल मृत जन्मलं. गरोदर स्त्रीला फाशी देता येत नसे, आणि आता ती अडचण राहिली नव्हती. न्यूसमच्या हाडांसाठी सहा पंच बसले होते, दोन न्यायाधिकारी आले होते, पेटी केली गेली होती. सीलियाच्या मेलेल्या मुलासाठी कोणी पंच बसल्याची नोंद नाही. २१ डिसेंबर १८५५ रोजी दुपारी अडीच वाजता फुल्टनमध्ये तिला फाशी दिलं. तिची मागे राहिलेली दोन मुलं न्यूसमच्या मालमत्तेचा भाग होती.

या प्रकरणात कायदा धाब्यावर बसवला असं म्हणण्याचा मोह होतो, पण कागद तसं सांगत नाहीत. पंचनामा वेळेवर झाला. वकील मिळाला, तोही काउंटीतला उत्तम. ज्यूरी बसली. अपील करता आलं. गरोदरपणाचा नियमही पाळला. संविधानानं गुलाम आरोपीला देऊ केलेली प्रत्येक गोष्ट सीलियाला मिळाली. तिला जे मिळालं नाही ते होतं स्त्री म्हणून त्या कलमात असणं, आणि तेवढं नसल्यावर बाकीचं सगळं तिला फासापर्यंत रीतसर नेण्याच्याच कामी आलं. दुसरीकडे, हा खटला रीतसर चालला म्हणूनच तो आज आपल्याला वाचता येतो. तिला झुंडीनं मारून टाकलं असतं तर जॉर्जची अट, काठीची जाडी, ऑड्रेनच्या वाटेवरचं ते अर्धं वाक्य, जेमसनची नाकारलेली सूचना, यातलं काहीही उरलं नसतं. अशा फाइली वाचताना मी म्हणून आधी निकाल वाचत नाही. हरकत मान्य झालेले प्रश्न आणि नाकारलेल्या सूचना आधी वाचतो. काउंटीला काय माहीत होतं आणि तिनं काय नोंदवायचं नाही असं ठरवलं, ते तिथे सापडतं.

डिसेंबर २०२४ मध्ये मिसुरीचे गव्हर्नर माइक पार्सन यांनी सीलियाला मरणोत्तर माफी दिली. तिच्या वंशजांनी ती मागितली होती. माफीनं शिक्षा पुसली जाते. ‘कोणतीही स्त्री’ या शब्दांत सीलिया येते की नाही, या मुद्द्यावर मात्र हॉल यांचा नकारच ४४९६ क्रमांकाच्या फाइलीत शेवटचा न्यायालयीन शब्द आहे.